तळं कुणाच्या पैशाचं?



बदलापूरच्या एमआयडीसीत पाळी सुटल्यावर टपरीवर चहा पीत होतो. बाजूचा एकजण बोलून गेला, "तुमचं बरंय बाबा, तुम्हाला सगळ्या सवलती." मी रंगाच्या मिलमध्ये कंत्राटावर. नखांतला निळा रंग रविवारीसुद्धा जात नाही. तो चहा मला गोड लागला नाही. हा शब्द ऐकला की आपली पोरं मान खाली घालतात. म्हणून ठरवलं, या 'सवलत' शब्दाचाच इतिहास काढायचा. आणि लांब नाही, आपल्या अंबरनाथपासून काढायचा.

1922 साली ब्रिटिश सरकारनं बाहेरून येणाऱ्या काडेपेट्यांवर ग्रोसमागे दीड रुपया जकात बसवली. स्वीडनच्या काडेपेटीवाल्या भांडवलदारांनी हिशेब केला. बाहेरून माल आणून जकात भरण्यापेक्षा इथंच कारखाना काढलेला बरा. 1923 साली विम्को उभी राहिली आणि अंबरनाथला काड्या बनू लागल्या. 1928 साली टॅरिफ बोर्डानं चौकशी केली, पण जकातीची भिंत तशीच राहिली. म्हणजे सरकारनं भिंत बांधली, कारखान्यानं तिच्या सावलीत धंदा केला, आणि भिंतीचे पैसे चूल पेटवणाऱ्या बाईनं दिले. त्याला कुणी सवलत म्हटलं नाही. त्याला संरक्षण म्हणतात.

आता उल्हासनगर बघा. महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, सरकारनं त्याच बराकी त्यांना राहायला दिल्या आणि 1949 साली शहराला उल्हासनगर नाव मिळालं. घरदार सोडून आलेल्या माणसांना छप्पर द्यायलाच पाहिजे होतं. मला त्यात एवढंच दिसतं, की मनात आणलं तर सरकार छावणीचं शहर करू शकतं. मग गावकुसाबाहेरच्या माणसाची वेळ आली की तिजोरी रिकामी कशी होते?

आता 1923 सालाकडे परत या. त्याच साली, ऑगस्ट महिन्यात, सीताराम केशव बोल्यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा, असा तो ठराव. त्यातला मुद्दा नीट वाचा. पैसा सार्वजनिक, म्हणून हक्कही सार्वजनिक. आपली सगळी लढाई या एका वाक्यावर उभी आहे.

बाबासाहेबांना हे आधीच कळलं होतं. 1925 साली लंडनला त्यांचं पुस्तक निघालं, ते प्रांतांच्या तिजोरीवर. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यातल्या पैशाच्या व्यवहाराचा 1833 ते 1921 असा इतिहास त्यात आहे. आपल्यातले कितीजण त्या पुस्तकाला हात लावतात? आपण त्यांचा फोटो लावतो, त्यांनी मांडलेला हिशेब वाचत नाही.

12 मार्च 1927 ला ते कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. मुंबई इलाख्यात सरकार माणशी शिक्षणावर खर्च करतं 14 आणे, आणि दारूच्या अबकारीतून माणशी वसूल करतं दोन रुपयांहून जास्त. जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला, असं त्यांनी बजावलं. शिक्षण खातं म्हणजे 'इतके पैसे दे, इतकं शिक्षण घे' अशी पेढी नव्हे, हेही सांगितलं. त्यानंतर आठ दिवसांनी, 20 मार्चला, महाडला चवदार तळ्याचं पाणी. आणि 3 मेला ते आपल्या बदलापुरात शिवजयंतीच्या उत्सवाला अध्यक्ष म्हणून आले. तिजोरीचा हिशेब आणि तळ्याचं पाणी, दोन्ही एकाच महिन्यात. ती दोन कामं नव्हतीच, एकच होतं.

यावर महाडच्या सवर्णांनी काय केलं? डिसेंबर 1927 मध्ये ते कोर्टात गेले. तळं खाजगी आहे, म्हणाले. धर्म सांगून भागेना, तेव्हा मालकी सांगितली. तो निकाल लागायला 1937 साल उजाडलं. हायकोर्टात आपण जिंकलो. पण ती युक्ती मेली नाही. तिनं नुसते कपडे बदलले.

1964 साली महाराष्ट्र सरकारनं कारखानदारांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर मागास भागात कारखाना काढा, सरकार मदत करील. हेतू वाईट नव्हता. पुढं तिच्यात विक्रीकराची माफी आणि लांबणीवर भरणा आला. लांबणीवर म्हणजे गिऱ्हाइकाकडून कर आजच घ्यायचा आणि सरकारला कित्येक वर्षांनी भरायचा, तोही बिनव्याजी. पैसा गिऱ्हाइकाचा, वापर मालकाचा. पुढं विक्रीकर गेला, 2005 साली व्हॅट आला, 2017 साली जीएसटी. योजना टिकून राहिली. 2019 च्या योजनेत राज्याच्या वाट्याचा जीएसटी कारखान्याला परत देण्याची सोय आहे. आपल्या पोराला मिळाली की सवलत, मालकाला मिळालं की प्रोत्साहन.

आता शाळा-कॉलेजं. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना दार उघडलं. 1991 साली दिल्लीनं खाजगीकरणाचा रस्ता धरला. 2001 पासून राज्यात 'कायम विनाअनुदानित' शाळांचं धोरण आलं आणि 2012 साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा. 2005 साली महाराष्ट्राने तुटीला आवर घालणारा वित्तीय कायदाही केला. त्याच साली इनामदार खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, अनुदान न घेणाऱ्या खाजगी कॉलेजांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही. ओळखलंत ना? तळं खाजगी आहे! मग 93 वी घटनादुरुस्ती करून ते दार पुन्हा उघडावं लागलं. तरी फी उरलीच. बारावीनंतर मीही एका कॉलेजच्या खिडकीशी उभा होतो. शिष्यवृत्ती येईल तेव्हा येईल, आधी पैसे भरा, एवढंच ऐकलं. मी मिलचा रस्ता धरला.

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचंही बघा. 1 ऑक्टोबर 2021 ला देशातल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या. आपली ऑर्डनन्स फॅक्टरी यंत्र इंडियात गेली. मालकी अजून सरकारची आहे, आरक्षणही आहे, खोटं कशाला बोलू? पण पाटी खात्याची जाऊन कंपनीची आली. पुढची पाटी कुणाची, हे आपण आधी विचारायचं की नंतर रडायचं?

आपल्यातलेच काही शहाणे म्हणतात, सरकारी शाळेत पोरं शिकत नाहीत, नोकऱ्या उरल्या नाहीत, आपणच मालक व्हावं. 2005 साली दलित उद्योजकांची डिक्की निघाली. मालक जरूर व्हा. पण त्यांनाही आधार कशाचा? 2012 च्या धोरणानं केंद्र सरकारच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी 4 टक्के ठेवले, त्याचा. तोही सार्वजनिक पैसाच. तळं आटलं तर कळशी सोन्याची असून काय उपयोग? आणि सरकारी शाळा वाईट आहे म्हणून ती सोडून द्यायची, तर मग तळं घाण होतं म्हणून महाडला जायलाच नको होतं.

म्हणून तरुणांनो, एक काम करा. मोर्चे काढा, पण मार्चमध्ये राज्याचं बजेटही वाचा. माहितीचा अधिकार 2005 पासून हातात आहे. आपल्या नगरपालिकेत, महापालिकेत अर्ज टाका. शाळांवर किती, ठेकेदारावर किती, मागासवर्गीयांचा निधी कुठं गेला, विचारा. उत्तर नाही आलं तर अपील करा. आकडा हातात असला की टपरीवर मान खाली घालावी लागत नाही.

त्या चहावाल्या दोस्ताला मी दुसऱ्या दिवशी हा सगळा हिशेब सांगितला. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." तोही कंत्राटावरच आहे.

त्याला सांगणं हे आपलं काम आहे.

जयभीम.