लाइट्स इन द सिटी : निवाऱ्याची खूण सांगणारा घुमट

चिलीत जन्मलेले कलावंत आल्फ्रेडो जार यांनी १९९९ मध्ये कॅनडातील माँट्रियल शहरात साकारलेली प्रकाशरचना. तिच्यासाठी त्यांनी मार्शे बोन्सकूर ही जुनी बाजारवास्तू निवडली. १८४९ मध्ये दंगलखोरांनी संसदभवन जाळल्यानंतर संयुक्त कॅनडाची संसद काही काळ येथेच भरली होती. वास्तूच्या घुमटात सुमारे एक लाख वॅटचे लाल दिवे बसविण्यात आले.

रस्त्यावरचा दिवा वाटसरूला धीर देतो; उघड्यावर निजणाऱ्याला मात्र तोच चव्हाट्यावर आणतो. जार यांनी हा भेद नेमका ओळखला. परिसरातील बेघर-निवाऱ्यांत त्यांनी विजेची कळ बसविली. आसऱ्यासाठी आलेल्याने ती दाबली की घुमट लाल उजळे आणि ते शहराला दुरून दिसे. दाबणाऱ्याचे नाव वा चेहरा कोठेही उघड होत नसे.