गेम सर्व्हरसाठी लिनक्स कोणतं घ्यावं, अपडेट कसं करावं? जुना पीसी वापरणाऱ्यांसाठी पूर्ण माहिती

पौड (ता. मुळशी) : घरात पडून असलेल्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकून दोस्तांसाठी स्वतःचा गेम सर्व्हर चालवता येतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ न चालणारे पीसी लिनक्सवर मात्र चांगले चालतात, आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

पण लिनक्स टाकणं हे तासाभराचं काम आहे. पुढची काही वर्षं ते अपडेट ठेवणं हे खरं काम. गेम सर्व्हर म्हणजे घराच्या नेटला बाहेरच्यांसाठी उघडलेला दरवाजा. त्याच राउटरवर घरच्यांचे मोबाइल, बँकेचं ॲप, दुकानाचं बिलिंग किंवा सेवा केंद्राचा कॉम्प्युटर असतो. म्हणून लिनक्स निवडताना ते दिसतं कसं हे बघू नये, त्याला अपडेट किती वर्षं मिळणार हे बघावं.

कोणत्या गेमचा सर्व्हर घरी चालतो?

बीजीएमआय किंवा फ्री फायरचा सर्व्हर घरी चालवता येत नाही. ते सर्व्हर कंपनीच्याच ताब्यात असतात. माइनक्राफ्ट, टेरारिया, व्हॅलहाइम, काउंटर-स्ट्राइक २ आणि लुआंटी या गेमचे सर्व्हर स्वतः चालवता येतात.

माइनक्राफ्टचे दोन प्रकार आहेत. मोबाइलवर चालतो तो 'बेडरॉक', आणि फक्त कॉम्प्युटरवर चालतो तो 'जावा'. दोस्त मोबाइलवाले असतील तर बेडरॉकचाच सर्व्हर लागतो. ज्यांना गेमसाठी पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी लुआंटी आहे. हा पूर्ण मोफत आहे आणि अँड्रॉइडवरही चालतो. पूर्वी त्याचं नाव माइनटेस्ट होतं, २०२४ मध्ये ते बदललं.

कोणतं लिनक्स घ्यावं?

उबुंटू एलटीएस : नवख्यांसाठी हीच पहिली पसंती. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये नवी एलटीएस आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. २४.०४ ला २०२९ पर्यंत मिळणार आहेत. बेडरॉकचा लिनक्स सर्व्हर माइनक्राफ्टची कंपनी उबुंटूसाठीच देते, त्यामुळे तिथे अडचण कमी येते. 'सर्व्हर' आवृत्ती घेतली तर स्क्रीनवर खिडक्या-बटणं नसतात, पण रॅम वाचते.

डेबियन : हलकं आणि अतिशय स्थिर. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. स्थिर असल्यामुळे त्यात नवी सॉफ्टवेअर उशिरा येतात. माइनक्राफ्ट जावा १.२०.५ पासून जावा २१ लागू लागली, पण डेबियन १२ च्या नेहमीच्या साठ्यात जावा १७ च होती. सर्व्हरवाल्यांना जावा बाहेरून आणावी लागली. डेबियन १३ मध्ये ही अडचण सुटली आहे.

अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स : ही दोन्ही रेड हॅटच्या पद्धतीची आहेत. कंपन्यांच्या सर्व्हरवर जास्त दिसतात. घरातला किंवा शेजारचा कोणी आयटीत असेल आणि त्याला याची सवय असेल तर चालतील.

हे टाळा : उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने अपडेट मिळतात. आर्चसारख्या सतत बदलणाऱ्या लिनक्सला रोज लक्ष लागतं. जुन्या व्हिडिओत सेंटओएस टाकायला सांगितलेलं असतं, तेही करू नका. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार असं आधी ठरलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये निर्णय फिरला आणि ३१ डिसेंबर २०२१ ला ते बंद झालं. सेंटओएस ७ देखील ३० जून २०२४ ला संपलं.

अपडेट एक नाही, तीन

नुसती सिस्टिम अपडेट केली की झालं, असा समज असतो. खरं तर तीन थर आहेत : लिनक्स, जावा (माइनक्राफ्ट जावासाठी) आणि गेमचा सर्व्हर. तिन्ही वेगवेगळे अपडेट करावे लागतात.

डिसेंबर २०२१ मध्ये याचा धडा जगभर मिळाला. 'लॉग४जे' नावाच्या जावाच्या भागात मोठी चूक सापडली. माइनक्राफ्ट जावाच्या चॅटमध्ये एक ठरावीक ओळ टाकली की सर्व्हरवर बाहेरच्याचा प्रोग्राम चालवता यायचा. पासवर्ड लागत नव्हता. हा भाग गेमच्या फाइलमध्येच असल्यामुळे फक्त लिनक्स अपडेट केलेले सर्व्हर उघडेच राहिले. १० डिसेंबर २०२१ ला आलेली १.१८.१ आवृत्ती टाकली किंवा कंपनीने सांगितलेली दुरुस्ती केली, तेच वाचले.

बेडरॉकची गोष्ट वेगळी. प्ले स्टोअर मोबाइलवरचा गेम आपोआप अपडेट करतं आणि जुन्या सर्व्हरवर नवा मोबाइल घुसत नाही. 'काल चालत होतं, आज कनेक्ट होत नाही' असं झालं तर आधी दोन्हीकडची आवृत्ती जुळते का ते बघा.

अपडेट करायची पद्धत

१. दिवस ठरवा. पंधरा दिवसांतून एकदा, कोणी खेळत नसताना.

२. सर्व्हर नीट बंद करा आणि 'वर्ल्ड'च्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. त्याच डिस्कवर ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली की दोन्ही जातात.

३. 'सुडो ॲप्ट अपडेट' ही कमांड द्या. याने फक्त यादी ताजी होते. मग 'सुडो ॲप्ट अपग्रेड' द्या. खरं अपडेट याने होतं. दोन्ही कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

४. रीस्टार्ट मागितला तर करा. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा आला तरी रीस्टार्ट केल्याशिवाय जुनाच चालू राहतो.

५. गेमचा नवा सर्व्हर अधिकृत साइटवरूनच घ्या. 'फ्री', 'क्रॅक' अशा नावाच्या फाइल नकोत.

६. चालू करून आधी स्वतः एकदा खेळून बघा, मग दोस्तांना कळवा.

उबुंटू सर्व्हरवर सुरक्षेचे अपडेट आपोआप येण्याची सोय सुरुवातीपासून चालू असते. ती बंद करू नका. एका एलटीएसवरून पुढच्या एलटीएसवर जायची घाई मात्र नको. नव्या आवृत्तीचा पहिला दुरुस्ती-संच आल्यावर, साधारण ऑगस्टमध्ये, उबुंटू स्वतःच विचारतं. तोवर थांबणं बरं.

लाइट आणि नेट : मुळशीत हे आधी बघा

ताम्हिणी, कोळवण भागात पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो. चालू सर्व्हरची लाइट गेली तर वर्ल्डची फाइल खराब होऊ शकते, आणि अपडेट चालू असताना गेली तर लिनक्सच अडकू शकतं. राउटर आणि पीसी दोन्ही यूपीएसवर ठेवा. जोराचा पाऊस चालू असताना अपडेटला हात लावू नका. जुना लॅपटॉप असेल तर तोच घ्या, बॅटरी हाच त्याचा यूपीएस. विजेचा हिशेबही करा. ६० वॅट खाणारा पीसी दिवसरात्र चालला तर महिन्याला साधारण ४३ युनिट होतात.

दुसरा प्रश्न नेटचा. बऱ्याच कनेक्शनवर एकच आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरमध्ये दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला असेल तर बाहेरून तुमच्या सर्व्हरपर्यंत कोणी पोचू शकत नाही. मग तीन वाटा उरतात : नेट कंपनीकडून स्वतंत्र पत्ता घेणे, भाड्याचा क्लाउड सर्व्हर घेणे किंवा एकाच वायफायवर बसून खेळणे. तिसऱ्या वाटेला इंटरनेटही लागत नाही, लुआंटी असाच चालतो.

क्लाउड घ्यायचा तर मुंबईतला घ्या. फायबरमधून दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन सुमारे १ मिलिसेकंद लागतो. सिंगापूर मुंबईपासून जवळपास ३,९०० किलोमीटर आहे, म्हणजे तिथे नुसत्या अंतराचेच ४० मिलिसेकंद जातात. गोळी आधी कोणाची लागली हे ठरणाऱ्या गेममध्ये एवढा फरक जाणवतो.

दरवाजा उघडा, घर नको

गेम सर्व्हर 'रूट' म्हणून चालवू नका, त्यासाठी वेगळा साधा युजर करा. राउटरमध्ये फक्त गेमचा पोर्ट उघडा. माइनक्राफ्ट जावाला २५५६५, बेडरॉकला १९१३२, लुआंटीला ३०००० लागतो. लांबून सर्व्हर सांभाळायचा एसएसएच पोर्ट बाहेरच्यांसाठी उघडू नका. माइनक्राफ्टमध्ये 'अलाउलिस्ट' चालू केली की ओळखीचेच आत येतात.

कायद्याचंही भान ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली आहे. दोस्तांसोबत नुसतं खेळायला अडचण नाही, पण सर्व्हरवर पैज लावणं किंवा लावू देणं टाळा.

आधी तारीख बघा

ज्यांचा सर्व्हर आधीच चालू आहे त्यांनी आज एवढं करावं : 'एलएसबी अंडरस्कोर रिलीज डॅश ए' ही कमांड इंग्रजीत देऊन आपली आवृत्ती बघावी. उबुंटू २०.०४ निघालं तर त्याचे नेहमीचे अपडेट मे २०२५ मध्येच संपले आहेत. घरगुती वापरासाठी पाच मशीनपर्यंत मोफत मिळणारं 'उबुंटू प्रो' जोडून थोडे दिवस काढता येतात. पण वर्ल्डची प्रत घेऊन नवी आवृत्ती टाकणं हाच पक्का उपाय. तेही जमत नसेल तर राउटरमधला पोर्ट बंद करून सर्व्हर घरच्या वायफायपुरताच ठेवावा.