मागणी, माग आणि देवलदेवी

रावेर-यावलकडे केळीला मागणी असते आणि त्याच गावांत लग्नाच्या मुलीलाही मागणी येते. मालाला आणि मुलीला मराठीने शब्द एकच दिला. त्याचे मूळ संस्कृत ‘मार्ग्’, म्हणजे शोधणे. त्याही मागे उभा आहे ‘मृग’. मृग म्हणजे आधी कुठलेही रानातले जनावर. हरीण हा अर्थ पुढे रुळला. मृगया म्हणजे शिकार आणि जनावराच्या जाण्या-येण्याची वाट तो मार्ग. त्यातूनच मराठीत ‘माग’ आला. चोराचा माग काढतात, वाघाच्या मागावर राहतात. ‘मागे’, ‘मागून’ हेही त्याच कुळातले. मागणी घालणे आणि माग काढणे ही अशी सख्खी भावंडे आहेत.

ही भावंडे एकाच मुलीच्या वाट्याला आली, तीही आपल्या खानदेशाच्या उंबरठ्यावर. १२९९ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या फौजांनी गुजरात घेतला. तिथला राजा कर्ण वाघेला परागंदा झाला, त्याची राणी कमलादेवी दिल्लीला नेली गेली. पुढे कर्णाने धुळ्याच्या साक्री तालुक्याला लागून असलेल्या बागलाणात आसरा घेतला. मुलगी देवल त्याच्याजवळ होती. देवगिरीच्या रामचंद्र यादवाचा मुलगा शंकरदेव याने तिला मागणी घातली. तीनशे वर्षांनी लिहिणारा इतिहासकार फरिश्ता सांगतो की, आपल्या रजपूत कुळापुढे यादव कमी दर्जाचे वाटल्याने कर्णाने ती नाकारली होती. १३०६-०७ च्या सुमारास खिलजी सेना पुन्हा अंगावर आली, तेव्हा त्याने नाइलाजाने होकार दिला आणि मुलीची पाठवणी केली.

आता मागणीची जागा मागाने घेतली; खिलजी सेना तिच्या मागावर होती. फरिश्त्याच्या हकिकतीत वेरूळची लेणी पाहायला गेलेल्या सैनिकांची गाठ योगायोगाने तिच्या पाठवणीच्या मेळ्याशी पडते, चकमक होते, देवलच्या घोड्याला बाण लागतो आणि ती हाती सापडते. दिल्लीत तिचे लग्न अलाउद्दीनच्या मुलाशी, खिज्रखानाशी झाले. त्या दोघांवर अमीर खुस्रोने फारसी मसनवी रचली. तिच्यात ती दिल्लीला आली तेव्हा जेमतेम आठ वर्षांची आहे. पुढे तख्तावर आलेल्या मुबारकशाहाने देवल माझ्याकडे पाठव, असे खिज्रखानाला फर्मावले. तो नाही म्हणाला आणि जिवाला मुकला, असे खुस्रो सांगतो. या हकिकतीच्या खरेपणावर इतिहासकारांत वाद आहे, पण मागणाऱ्यांची रांग तिच्यात स्पष्ट दिसते.

खुस्रोने तर तिचे नावही बदलले. आपल्याकडे ‘देव’ म्हणजे ईश्वर. फारसीत तोच शब्द राक्षसासाठी आहे. भारत आणि इराण यांच्या भाषा एका घरच्या, पण देवांच्या बाबतीत त्यांच्या वाटा फुटल्या. नायिकेच्या नावात राक्षस नको म्हणून त्याने ‘देवल’चे ‘दुवल’ केले. दुवल हे ‘दौलत’चे अरबी अनेकवचन. मुलगी आता नावानेही दौलत झाली, आणि दौलतीवर हक्क सांगितला जातो, तिला कुणी विचारत नाही.

लग्नाच्या इतर शब्दांतही हेच दिसते. ‘विवाह’मध्ये ‘वह्’ आहे, म्हणजे वाहून नेणे. ‘वधू’चा संबंधही पुष्कळ जण त्याच धातूशी लावतात. नव-वर यावरून ‘नवरा’ आणि नवऱ्यावरून ‘नवरी’. या जोडीत तिला स्वतःचे वेगळे नाव मिळाले नाही. देवल बागलाणातून वेरूळपर्यंत आणि तिथून दिल्लीपर्यंत नेली गेली, ती ‘वह्’च्या अगदी मूळ अर्थाने.

तरी याच भाषेत ‘वृ’ हा धातूही आहे. वृ म्हणजे निवडणे. ‘वर’, ‘वरणे’, ‘स्वयंवर’ त्यातून आले. देवलच्या कथेत पित्याचा नकार आहे, होकार आहे, राजपुत्राची मागणी आहे, सुलतानाचे फर्मान आहे. तिचे वरणे मात्र कुठेच नाही. आज खानदेशातल्या मांडवांत नवरीच्या हातात वरमाला असते. तिला न विचारता ती माळ हाती दिली असेल, तर समोर उभ्या असलेल्याला ‘वर’ म्हणणे खोटे आहे. तो फक्त मागणारा.