जहाजावरील आपत्ती व प्रवाशांचे वर्तन

जहाज बुडणे, त्यास आग लागणे, टक्कर होणे इ. प्रसंगी प्रवासी बेभान होऊन धावत सुटतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहासातील घटना पाहता, त्यांचे वर्तन मिळणाऱ्या सूचना व उपलब्ध साधने यांवर बव्हंशी अवलंबून असते, असे दिसते.

महाराष्ट्रातील या प्रकारची सर्वांत भीषण दुर्घटना ‘रामदास’ बोटीची होय. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. गटारी अमावास्येसाठी गावी जाणाऱ्यांची तीत गर्दी होती. काशाच्या खडकानजीक खवळलेल्या समुद्राचे पाणी आत शिरून बोट कलली. घाबरलेले प्रवासी एका बाजूस धावले आणि थोड्याच वेळात बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नसल्याने मुंबईस ही वार्ता कित्येक तास कळली नाही. रेवसच्या कोळ्यांनी मात्र अनेकांचे प्राण वाचविले. अशा वेळी धावणे ही प्रत्येकाची स्वाभाविक प्रेरणा असली, तरी कललेल्या बोटीत सर्वांचा भार एकत्र सरकला की तोल सावरणे अशक्य होते.

याउलट, धोका वेळीच न पटल्यामुळेही प्राणहानी होते. ‘टायटॅनिक’ (१९१२) बुडताना सुरुवातीच्या काही जीवनरक्षक नौका निम्म्याहून अधिक रिकाम्याच उतरविल्या गेल्या. प्रचंड जहाज सोडून लहानशा नौकेत बसणे अनेकांना असुरक्षित वाटले. ‘कोस्ता कॉन्कॉर्डिया’ हे सहल-जहाज १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. तेव्हा प्रवाशांना केवळ विजेचा बिघाड झाल्याचे सांगण्यात आले. जहाज सोडण्याचा आदेश तासाभरानंतर निघाला. या दुर्घटनेत ३२ जण दगावले. पुढे प्रस्थानापूर्वी किंवा प्रस्थान होताच प्रवाशांकडून सुरक्षा-सराव करून घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम २०१५ पासून लागू झाला. ‘स्त्रिया व मुले प्रथम’ हा संकेतही सार्वत्रिक नाही. स्वीडिश संशोधकांनी २०१२ मध्ये १८ जहाज-दुर्घटनांचा अभ्यास केला. त्यांत पुरुषांच्या मानाने स्त्रिया कमी प्रमाणात वाचल्या आणि खलाशी प्रवाशांपेक्षा अधिक वाचले, असे आढळले.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात, घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. दोन्ही बोटींवरील मिळून १५ जण मृत्यू पावले. टक्कर होईपर्यंत अनेक प्रवाशांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. भेदरलेले काही पालक मुलांना पाण्यात सोडण्याच्या बेतात होते; मदतीस आलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांनी त्यांना थोपवून मुलांना आधी आपल्या नौकेत घेतले. काय करावे हे सांगणारे कोणी असले की भयभीत माणसेही त्याचे ऐकतात, याचे हे उदाहरण आहे. या घटनेनंतर गेटवे ऑफ इंडियाहून जाणाऱ्या बोटींवर जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले.