टोळ, ढेप आणि बाटली

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तेल आधी आणि शिकेकाई मागून, हा क्रम कुणी शिकवावा लागत नाही. घरातली वडीलधारी बाई मुलांच्या टाळूवर तेल जिरवते, आणि घटकाभराने तेच तेल घासून काढते. लावायचेच तर काढायचे कशाला, असे एखादे चुणचुणीत पोर विचारते, तेव्हा "गप बैस, डोळ्यांत जाईल" यापलीकडे उत्तर मिळत नाही. वास्तविक प्रश्न मोठा मार्मिक आहे. माणसाने केसांसाठी आजवर जी जी द्रव्ये योजिली, त्यांचा सारा इतिहास या दोन क्रियांत सामावलेला आहे. मळ तर निघाला पाहिजे, पण स्निग्धपणा थोडा उरला पाहिजे. काढणे आणि ठेवणे, एवढाच तो खेळ.

हा इतिहास सांगणारे बहुधा लंडन-पॅरिसच्या दुकानांपासून आरंभ करतात. मी तो चांद्याच्या जंगलापासून सांगणार आहे. चांदा म्हणजे आजचा चंद्रपूर. हे नाव १९६४ साली आले. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याच जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. मधून वैनगंगा वाहते. नदीच्या दोन्ही अंगांना सागवान, बांबू, मोह, तेंदू, चार यांचे रान आहे. कोकणी माणसाचे सारे केशशास्त्र ज्याच्यावर उभे, तो नारळ मात्र इकडे होत नाही. तो येतो तो देवापुढे फोडण्यापुरता, आणि तोही दुरून.

मग या मुलखातल्या बायकांनी डोक्याला लावावे तरी काय? शेतात तीळ होता, जवस होता. पैकी जवसाचे तेल हवेत वाळून चिकट होणारे. रंगाऱ्याला त्याचा हाच गुण हवा असतो, केसांना तो परवडत नाही. उरले रान. रानात सर्वांत मोठा तेलाचा ठेवा होता मोहाच्या झाडात.

मोहाचे नाव काढले की शहरी माणूस गालात हसतो, कारण त्याला मोहाची दारू तेवढी ठाऊक असते. पण दारू फुलाची. चैत्राच्या सुमारास ही फुले रात्री-पहाटे गळतात. गळतो तो त्यांचा गोड, मांसल भाग. फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो. म्हणून खाली पडलेली फुले सगळीच्या सगळी वेचली तरी फळाला धक्का लागत नाही. पुढे पावसाच्या तोंडाशी फळे पिकतात. त्यांतली तपकिरी, चकचकीत बी म्हणजे टोळ. कोठे तिला टोळंबीही म्हणतात. एकाच झाडाचे एकाच वर्षात दोनदा पीक, आणि पहिले घेतल्याने दुसरे बुडत नाही! असा उदारपणा झाडांतही क्वचितच आढळतो.

टोळ फोडून आतला गर काढला, की त्याचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचे भरते. घाण्यावर ते तेली काढीत. जेथे घाणा नव्हता तेथे गर कुटून, वाफवून, दोन जड लाकडांमध्ये दाबून काढण्याची रीत मध्य भारताच्या आदिवासी मुलखात होती. तेल पिवळसर, थंडीत तुपासारखे थिजणारे. तेच स्वयंपाकाला, तेच दिव्याला, तेच अंगाला नि डोक्याला. एका तेलाने इतकी कामे करावीत याचे आपल्याला नवल वाटते, कारण आपल्या घरात प्रत्येक कामाला निराळी बाटली असते.

तेल काढल्यावर मागे उरतो तो चोथा. विदर्भात त्याला ढेप म्हणतात. पुण्याकडे ढेप म्हटले की गूळ डोळ्यांपुढे येतो. तिकडच्या वाचकांनी येथे पेंड समजावी. खरी गंमत या ढेपेत आहे. पाण्यात घुसळली तर तिला फेस येतो. शिकेकाईत आणि रिठ्यात जे फेसाळ द्रव्य असते, ज्याला रसायनशास्त्रात सॅपोनिन म्हणतात, त्याच कुळीचे द्रव्य मोहाच्या ढेपेत आहे. माशांच्या कल्ल्यांना ते बाधते. म्हणून डोहात ढेप टाकून मासे धुंद करण्याची युक्ती रानच्या लोकांना जुनीच माहीत होती. मत्स्यशेती करणारे आजही तळ्यात बीज सोडण्याआधी नको असलेले मासे काढण्यासाठी हीच ढेप वापरतात. आणि तामिळ मुलखात, जिथे मोहाच्या भावंडाला इलुप्पै म्हणतात, तिच्या पुडीने डोक्याचे तेल धुऊन काढण्याची चाल आहे. म्हणजे पाहा, लावायचे तेल आणि ते काढायचा फेस ही दोन्ही एकाच बीच्या पोटात! त्या चुणचुणीत पोराच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मोहाच्या झाडाने देऊन ठेवले आहे.

याच रानात आणखी एक झाड आहे, कोशिंब. त्यालाच कुसुमही म्हणतात. वसंतात त्याला लालभडक पालवी फुटते आणि दुरून पाहणाऱ्याला झाड फुलल्याचाच भास होतो. त्याच्यावर लाखेचे किडे पोसतात. कुसुमी लाख ती हीच. त्याच्या बीचेही तेल निघते, आणि या तेलाची कहाणी थेट विलायतेपर्यंत पोचते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये रोलंड नावाच्या केशकर्तनकाराच्या घराण्याने 'मकॅसर तेल' म्हणून एक केशतेल विकायला काढले. मकॅसर हे सेलेबीस बेटावरचे बंदर. आज ते इंडोनेशियात आहे. तेल इतके लोकप्रिय झाले की साहेबाच्या तेलकट डोक्याने खुर्च्यांच्या पाठी डागाळू लागल्या, आणि त्यांवर टाकायला विणलेले रुमाल निघाले. त्या रुमालांचे इंग्रजी नावच मुळी 'अँटिमकॅसर', म्हणजे मकॅसरविरोधी! आपल्या दिवाणखान्यांतल्या कोचांवर जे जाळीदार रुमाल असतात, त्यांचे मूळ हे असे डोक्याच्या तेलात आहे. पुढे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत मकॅसर तेल म्हणून ज्याची नोंद झाली, ते याच कोशिंबाच्या बीचे तेल. रोलंडच्या बाटलीत खरोखर काय होते, हे मात्र गिऱ्हाइकाने विचारायचे नसे. घटकद्रव्यांची यादी बाटलीवर छापण्याचा कायदा तेव्हा नव्हता. येथे एक सावधगिरीची सूचना करतो. कोशिंबाच्या बीत सायनाइड निर्माण करू शकणारी द्रव्ये असतात. तेव्हा हे वाचून कुणी घरी प्रयोग आरंभू नयेत.

'शांपू' हा शब्दही आपल्याकडूनच गेला. चांपणे म्हणजे दाबणे, चेपणे. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद नावाच्या गृहस्थाने १८१४ च्या सुमारास ब्रायटन येथे वाफेच्या स्नानाचे आणि चंपीचे दुकान थाटले, आणि पुढे तो चौथ्या जॉर्ज राजाचा 'शांपू-वैद्य' झाला. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ अंग चेपणे असा होता. डोके धुण्याचे द्रव्य हा अर्थ मागाहून चिकटला. शब्द आपला, झाड आपले, आणि दोन्ही आपल्याकडे परत आली ती बाटलीत भरून.

आता त्या बाटलीकडे वळू. केस धुतल्यावर लावायच्या कंडिशनरची एक बाटली मी मुद्दाम समोर ठेवली आहे. यादी छापलेली आहे, पण अक्षर मुंगीएवढे. पाण्यानंतर पहिली मानाची जागा 'सेटिल अल्कोहोल' आणि 'स्टिअरिल अल्कोहोल' यांची. अल्कोहोल म्हटले म्हणून दचकू नये; ही दोन्ही द्रव्ये मेणासारखी घट्ट आणि पांढरी असतात, त्यांनी नशा येत नाही. सेटिल हे नाव देवमाशाच्या लॅटिन नावावरून पडले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शव्हरल याने १८१७ मध्ये देवमाशाच्या डोक्यातील मेणातून ते वेगळे केले. आज व्यापारी शिकारीवर १९८६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, आणि हे द्रव्य मुख्यतः पामच्या तेलापासून बनते. सेटिलच्या साखळीत सोळा कार्बन, स्टिअरिलच्या साखळीत अठरा. मोहाच्या तेलात ज्या आम्लांचा भरणा आहे, त्यांत पामिटिक आम्ल सोळा कार्बनांचे आणि स्टिअरिक व ओलेइक अठरांचे! सख्खी भावंडे नव्हेत, पण चुलत म्हणायला हरकत नाही.

यादीत पुढे एक भले लांबलचक नाव येते: बेहेनट्रायमोनियम क्लोराइड. त्यातले 'बेहेन' कुठले म्हणाल, तर शेवग्याच्या बीच्या तेलाला युरोपात पूर्वी जे नाव होते त्यातले. नाव परसातले असले तरी काम मात्र नवे. केसांवर, विशेषतः झिजलेल्या केसांवर, ऋण विद्युत्भार असतो. या द्रव्यावर धन. त्यामुळे ते केसाला धरून बसते आणि पाण्याने धुतल्यावरही थोडेसे मागे उरते. ही करामत मोहाला, तिळाला किंवा नारळाला साधत नाही, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे.

पण तेलाला नुसते जुने खूळ म्हणून हसणाऱ्यांनाही उत्तर आहे. मुंबईत काम करणाऱ्या आरती रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातले प्रथिन निघून जाते, ते या तिघांपैकी खोबरेलानेच कमी केले. कारण त्यातल्या लॉरिक आम्लाची साखळी बारा कार्बनांची, आखूड आणि सरळ. ती केसाच्या आत शिरते. धुण्याआधी तेल लावणाऱ्या आजीची बाजू अशी प्रयोगशाळेत सिद्ध झाली, निदान खोबरेलापुरती. मोहाचे तेल त्या तुलनेत नव्हतेच. तुलना त्याच तेलाची होते ज्याला बाजार असतो.

आणि येथे मला या साऱ्या इतिहासाचे मर्म सापडते. मकॅसरचे नाव बंदराला मिळाले, शांपूचे ब्रायटनला, सेटिलचे देवमाशाला. ज्या बाईने वाकून टोळ वेचली, फोडली, वाळवली, तिचे नाव कोणत्याच बाटलीवर नाही. नाव नसले तरी एक वेळ चालेल, पण वाटाही नसावा? टोळ कच्चीच व्यापाऱ्याच्या पोत्यात गेली, की तेल आणि ढेप ही दोन्ही गावाबाहेर जातात. गावात राहते ती एकदाची मजुरी. घरी तेल काढणारीजवळ मात्र तेलही राहत होते आणि ढेपही, आणि दोन्हींचे गुण सांगणारी विद्याही.

काही बदलले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी वनवासी समाजाची मानली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गडचिरोलीच्या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूची वाहतूक गावाच्या स्वतःच्या परवान्याने सुरू झाली. आधारभूत किंमत मिळणाऱ्या वनोपजांच्या केंद्र सरकारच्या यादीतही मोहाची बी आहे. बांबूच्या बाबतीत जे घडले ते टोळीच्या बाबतीत घडू नये, असा काही निसर्गनियम नाही. मात्र त्यासाठी टोळ विकण्यापेक्षा तेल विकणारे आणि ढेप राखणारे गाव हवे.

या दिवाळीला कुणी पोर विचारील, तेल लावायचेच तर काढायचे कशाला, तर त्याला गप्प बसवू नका. सांगा, की मळ तेलाबरोबर निघतो आणि थोडे तेल केसाजवळ राहते. म्हणून आधी लावायचे, मग काढायचे. आणि हेही सांगा, की वैनगंगेच्या काठी एक झाड आहे, ज्याच्या एकाच बीत दोन्हींची सोय आहे. आपल्याजवळ काय ठेवावे आणि काय जाऊ द्यावे, हे ठरवायचे काम तेवढे त्याने माणसांवर सोडले आहे.