‘रिजन्सी’चे दशक आणि आपली कादंबरी

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज वेडा झाल्यामुळे १८११ ते १८२० या काळात युवराजाने कारभार पाहिला. या दशकाला इंग्रज ‘रिजन्सी’ म्हणतात. जॉर्जेट हेयर या लेखिकेच्या ‘रिजन्सी बक’पासून (१९३५) त्या काळातील सरदारांच्या, नृत्यशाळांच्या आणि जमलेल्या-फिसकटलेल्या विवाहांच्या कादंबऱ्यांचा ओघ सुरू झाला, तो आजही आटलेला नाही.

तेच दशक आपल्याकडे निराळे गेले. सुरतेजवळचे, तापीकाठचे कामरेज हे बडोद्याच्या गायकवाडी मुलखातले. गायकवाड आणि पेशवे यांच्यातील जुन्या बाकीचा तंटा मिटविण्यासाठी गंगाधरशास्त्री पटवर्धन बडोद्याहून पुण्यास गेले, आणि २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरात त्यांचा खून झाला. वॉटर्लूच्या लढाईला तेव्हा जेमतेम महिना लोटला होता. आळ आला तो बाजीरावाचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर. इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात कोंडले. १८१६ साली ते तेथून निसटले. एका गोऱ्या अधिकाऱ्याचा मोतद्दार मराठी गाण्यातून त्यांना खुणा सांगत असे, ही हकीकत बिशप हीबरने टिपून ठेवली आहे. असा प्रसंग हाती आल्यावर कोणत्या कादंबरीकाराला मोह आवरेल? ना. सं. इनामदारांनी १९६३ साली ‘झेप’ लिहिली आणि इंग्रजी ग्रंथांतील खलपुरुष मराठी वाचकाला आपला वाटू लागला.

हे सामर्थ्य थोडे नव्हे. दप्तरातला कागद माणसाने काय केले ते सांगतो. करताना त्याची छाती धडधडली की नाही, ते सांगत नाही. धोकाही नेमका तेथेच आहे. ज्याच्या काळजाचे ठोके आपण ऐकले, तो निर्दोष होता असे आपण न कळत मानू लागतो. वास्तविक खुनाचा पुरावा गोळा केला तो रेसिडेंट एल्फिन्स्टनने, म्हणजे प्रतिपक्षाने. आणि कादंबरीची सहानुभूती हाही काही पुरावा नव्हे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. जून १८१७ च्या पुण्याच्या तहात पेशव्यांचे गायकवाडांवरील मागील दावे वार्षिक ४ लाख रुपयांवर तुटले. ही रक्कम अखेर कुणब्याच्या साऱ्यातूनच उभी राहावयाची; पण साऱ्यावर कादंबरी कोण लिहिणार! इंग्लंडातही ऑगस्ट १८१९ मध्ये मँचेस्टरच्या निःशस्त्र सभेवर घोडेस्वार घातले गेले. नृत्यशाळेच्या झुंबरांचा उजेड तेथवर सहसा पोहोचत नाही.

त्रिंबकजी १८१८ साली पुन्हा पकडले गेले आणि १८२९ मध्ये चुनारच्या किल्ल्यात कैदेतच वारले. त्यांच्यावरील आरोपाची सुनावणी उघड न्यायासनापुढे कधीच झाली नाही.