हैदराबाद नावाची विमाने आणि आमची रयत

बीड जिल्ह्यातील नारायणगडाचा धाकटी पंढरी म्हणून लौकिक आहे. इथे माणसे विठ्ठलाच्या दर्शनाला येतात. महायुद्धात पडलेले विमान शोधायला या बालाघाटाच्या माळावर कोणी येणार नाही. तरीही दूर इंग्लंडातल्या अशाच एका शोधाचे नाते या माळाशी आहे. ते काय, हे वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांला वाटले.

३० ऑगस्ट १९४० चा दिवस. जर्मन विमाने दक्षिण इंग्लंडवर चालून येत होती. त्यांना अडवायला निघालेल्या हरिकेन विमानांपैकी एक केंट परगण्यातील रूटम गावाजवळ शेतात कोसळले. वैमानिक होता कॉलिन डन्स्टन फ्रान्सिस, वय अवघे १९ वर्षांचे. वेगाने आदळलेले विमान जमिनीत खोल रुतले. वैमानिकाची नोंद बेपत्ता अशी झाली आणि त्या शेतावर पुन्हा नांगर फिरला.

पुढे इंग्लंडात अशी विमाने शोधणारे हौशी लोक तयार झाले. ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारतात, तुकडीची दप्तरे चाळतात, धातुशोधक यंत्र घेऊन शेते पालथी घालतात. मातीतून निघालेल्या पत्र्यावरचा किंवा इंजिनावरचा क्रमांक जुळला म्हणजे विमान ओळखता येते. १९८१ साली फ्रान्सिसच्या विमानाची जागा खोदली, तेव्हा त्याचे अवशेष विमानातच सापडले. ४१ वर्षांनी ब्रुकवुडच्या लष्करी कब्रस्तानात त्याला इतमामाने मूठमाती मिळाली. १९८६ साली तिकडे कायदाच झाला. आता परवान्यावाचून असे विमान उकरता येत नाही. कारण ते कोणाची तरी कबर असू शकते.

आता आमचा संबंध. फ्रान्सिसच्या स्क्वाड्रनचा क्रमांक २५३ आणि तिचे नाव ‘हैदराबाद स्टेट’. स्पिटफायर विमाने उडवणाऱ्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नावही हैदराबादच. तिच्या चिन्हावर निजामाची पगडी होती आणि ब्रीद होते ‘विश्वासू दोस्त’. इंग्रज सरकारने निजामाला दिलेल्या ‘यार-ए-वफादार’ या किताबाचाच तो तर्जुमा. पहिल्या महायुद्धातही ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची विमाने मीर उस्मान अली खान यांच्या देणगीतून आली होती. त्यांतले एक ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती पडले. ते बर्लिनहून पोलंडला आणि तिथून १९७०च्या दशकात परत इंग्लंडला आले. आज ते लंडनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे.

देणगी निजामाची, हे खरे. पण पैसा कोणाचा? दुसऱ्या महायुद्धात देणगीदारांसाठी एका स्पिटफायरची किंमत ५,००० पौंड धरली जाई. तेव्हाच्या दराने ते सुमारे ६६,६६६ कलदार रुपये होतात. संस्थानचा खजिना असो की सर्फ-ए-खासची मिळकत, दोन्हींची भर शेतसाऱ्यावर. बीड जिल्हा १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होता. नारायणगडाच्या पायथ्याशी ज्वारी-बाजरी पिकवणाऱ्या कुणब्याला आणि शेजारच्या मुसलमान कुळाला कोणी विचारले नव्हते, की बाबांनो, विमान द्यायचे का?

आमच्यातले काही जण निजामाच्या दानतीचा अभिमान सांगतात. काही जण त्याचे नाव निघाले की अंग चोरून घेतात, जणू त्या राजवटीचा हिशेब आजही आम्हांलाच द्यायचा आहे. आम्हांला दोन्ही गोष्टी पटत नाहीत. राजा राजाच्या जागी. आमचे पूर्वज रयत होते. विमानावर हैदराबादचे नाव लागले, त्यात दौलत राजाची मानली गेली आणि घाम रयतेचा विसरला गेला.

त्या दोस्तीचे पुढे काय झाले? १९४७ मध्ये इंग्रज निघून गेले, आणि यार-ए-वफादार एकटा पडला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादच्या आकाशात भारतीय हवाई दलाची विमाने आली आणि संस्थान भारतात विलीन झाले. त्याआधी रझाकारांच्या जुलमात माणसे मेली. पोलीस कारवाईनंतरच्या सूडात मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने या दुसऱ्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. अधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत बीडचेही नाव होते. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आलाच नाही.

केंटच्या शेतात एका मुलासाठी ४१ वर्षांनंतरही माती उकरली गेली. ते योग्यच झाले. त्याची आई आणि आमची आई निराळी नाही. पण आमच्या मराठवाड्यातील शेतांत आणि विहिरींत गेलेल्यांची, मग ते रझाकारांच्या हातून गेलेले असोत की त्यानंतरच्या हिंसेत, गावनिहाय नावे कोण गोळा करणार? त्यासाठी धातुशोधक यंत्र नको. जुन्या माणसांजवळ बसून, त्यांचे ऐकून वहीत लिहून ठेवले तरी पुरे. दोन्ही समाजांच्या लोकांनी एकत्र बसून लिहिले तर अधिक बरे. सूड उगवायला नव्हे, फातिहा पढायला आणि दिवा लावायला तरी नाव माहीत असावे लागते.

तो पिढीचा शेवटचा माणूस आजही एखाद्या गावात असेल. आपण त्याच्याकडे लवकर गेले पाहिजे.